सागवानाचं पायडल

पिंपळबोडी, ता. नागभीड
२६ एप्रिल

आदेशदादा,

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग बाकीचं पत्र वाच. पोती उचलून झाल्यावर तुझी लघवी कधी काळी झाली आहे का? काळी म्हणजे कोऱ्या चहासारखी. लाजू नको. हे लिहायला मला किती धीर करावा लागला ते माझं मला माहीत.

पत्ता हेमराजने दिला. तो भावाच्या लग्नासाठी गावी आला होता. तेलंगणात पेद्दपल्लीच्या राइस मिलमध्ये तुम्ही दोघं सोबतच हमाली करता म्हणाला. मी तुझा नंबर मागितला तर म्हणाला, "त्यानं सांगून ठेवलं हाय, घरी कोणालेच नंबर देजो नको." मग मी पत्ताच लिहून घेतला. बाबांना हे माहीत नाही. आईला माहीत आहे, पण ती माहीत नसल्यासारखं करते.

आता माझ्यासोबत काय झालं ते ऐक. आम्ही बाया मोहफुलं वेचायला गेलो होतो, बोडीच्या पाण्यापलीकडे. उजाडलंच होतं. या वर्षी त्या बाजूला जायला सगळेच भितात, हिवाळ्यात शेजारच्या गावची एक बाई सरपण आणायला गेली ती परत आली नाही. पण मोह काही थांबत नाही, म्हणून सगळ्या मिळून गेलो. टोपली अर्धी झाली असेल, तेवढ्यात वानरं ओरडायला लागली. एकदम सगळी. उर्वशीकाकू उभी राहिली, झाडीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "पळा."

टोपल्या तिथेच टाकून आम्ही पळालो. मीही पळाले, दादा. जीव घेऊन पळाले. पण नाल्यापर्यंत पोचायच्या आतच पोटऱ्या आवळायला लागल्या, आणि दोन पावलं टाकते तोच दोन्ही पाय दगड झाले. मी तोंडावर पडले. बाकीच्या पुढे निघून गेल्या. त्यांचा राग नाही, मीही थांबले नसते. पाय सरळ होईनात, वाकेनात. मी पालापाचोळ्यात पडून होते आणि माझ्या मागे पाचोळ्यातच काहीतरी चालत होतं. हळू. थांबून थांबून. मी वळून बघितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि श्वास घेणं बंद केलं. तो वाघ होता की रानडुक्कर, ते मला आजही माहीत नाही. गावातले लोक डबे वाजवत आले तेव्हा तिथे काही नव्हतं.

मला खाटेवर टाकून घरी आणलं. दुपारी लघवीला गेले तर काळी. आईने डोमा पुजाऱ्याला बोलावलं, त्याने अंगारा लावला. दुसऱ्या दिवशी लघवी झालीच नाही. मग बाबांनी गाडी केली आणि चंद्रपूरला नेलं.

आता मी बरी आहे. मानेला पट्टी आहे म्हणून वाकता येत नाही, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं आहे. तेवढं चालवून घे.

मी हे तुला का लिहिते आहे ते सांगते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तू चिखलाच्या बांधीत मधेच बसकण मारायचास. बाबा धुऱ्यावरून ओरडायचे, "ऊठ बे कामचोर." तू म्हणायचास, पाय आवळले. आणि थोडं बसून उठलास की मग सगळ्यांच्या पुढे पऱ्हे रोवत जायचास. त्यावरूनच बाबा म्हणायचे की हे ढोंग आहे, खरंच दुखत असतं तर पोट्टा असा उठला असता का.

दादा, माझंही तसंच होतं. नेहमीच. मी पोरगी, बसले तर कोणी काही बोललं नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

पोती उचलणं थांबव. निदान मी पुन्हा लिहीपर्यंत थांबव.

तुझी रंजी


चंद्रपूर
१७ मे

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पण परवा मला तिकडच्या नंबरवरून फोन आला. मी बोलले तर पलीकडून कोणी बोलेना. मागे मशीनची घरघर होती, कोणीतरी तेलुगूत ओरडत होतं. मी म्हटलं, "दादा?" आणि फोन कटला. परत लावला तर उचलला नाही. तूच असशील तर पत्र पोचतं एवढं मला कळलं. तू नसशील तर मला आणखीच भीती वाटते.

मागच्या पत्रात मी बरी आहे असं लिहिलं होतं. तेव्हा मानेत नळी घालून माझं रक्त मशीनवर साफ करत होते आणि मला चार दिवस घरी सोडलं होतं. किडन्या बंद पडल्या होत्या. आता त्या चालू झाल्या आहेत, नळी काढली. तुला घाबरवायला लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर घाबरवायलाच लिहिते आहे. तू घाबर.

इथे एक डॉक्टर आहेत, शाजियामॅडम. चंद्रपूरच्याच, बाजारात त्यांच्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. मुंबईला शिकून परत आल्या. बाकीचे डॉक्टर फाइल वाचतात, या खाटेवर बसतात. त्यांनी विचारलं, "रंजीता, लहानपणापासून असं होते का? पळालं की पाय आवळतात, जरा थांबलं की बरं वाटते आणि मग बराच वेळ चालता येते?"

हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, "घरात अजून कोणाला?"

बाबा खिडकीपाशी उभे होते. तुझं नाव निघालं की ते उठून जातात हे तुला माहीत आहे, आणि त्या दिवशी मला ते उठून जायला नको होते. मी म्हटलं, "नाही." बाबांनीही काही सांगितलं नाही. ते बाहेर बघत राहिले.

मॅडमनी समजावलं ते असं. माझे स्नायू पळताना फुटले. फुटलेल्या स्नायूंचा रंग रक्तात उतरला, किडनीत जाऊन बसला, म्हणून लघवी काळी. असं होण्याची कारणं बरीच असतात. माझं कारण कोणतं ते शोधायला पाहिजे, कारण पुढच्या वेळी किडन्या परत चालू होतीलच असं नाही. हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण म्हणाल्या.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं आहे, त्याला खूप वेळ लागतो. त्याआधी स्नायू काम करत असताना आत काय होतं ते एमआरआयच्या मशीनमधून बघता येतं. पडून राहिलेला स्नायू बघून काही कळत नाही. तो कामाला लावून बघावा लागतो. आणि तीच अडचण आहे, ते पुढे लिहीन.

आईने तुझं अंथरूण उन्हात टाकलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, ढेकूण झाले.

रंजी


ऊर्जानगर
९ जून

दादा,

सध्या मी काकांच्या प्रियाताईकडे राहते. तिच्या नवऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये क्वार्टर मिळालं आहे. दवाखान्यात सारखं रक्त द्यायला जावं लागतं, गावाहून रोज कोण येणार? सकाळी कंपनीच्या बसा जातात, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. मला बघायला आलेले चिमूरचे पाहुणे काही परत आले नाहीत. कोणीतरी त्यांना किडनीचं सांगितलं. बरंच झालं, मला तसंही इतक्यात काही नको होतं.

अडचण काय ते सांगते. एमआरआयचं मशीन म्हणजे मोठा चुंबक. त्या खोलीत लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. मग आत झोपलेल्या माणसाला व्यायाम कसा करायला लावायचा? त्यासाठी परदेशात खास यंत्रं मिळतात, पण किंमत ऐकून मॅडमनी तो विचारच सोडला. म्हणून त्या आणि तौसीफभाऊ मिळून स्वतःच बनवत आहेत. तौसीफभाऊ दवाखान्यातल्या मशीनचा इंजिनियर, याच कॉलनीत मागच्या लाइनीत राहतो. मी जाऊन बघून आले.

त्याच्या व्हरांड्यात सागवानाची फळी पडली होती, आलापल्लीकडची. तिला पाऊल ठेवायची जागा केली आहे, टाचेखाली लाकडाचीच बिजागरी, खिळ्यांऐवजी नायलॉनचे बोल्ट, आणि पुढे पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची चौकट. पाऊल दाबलं की रबराचे पट्टे ताणले जातात. पट्टा वाढवला की जोर जास्त लागतो, काढला की कमी. शिलाई मशीनचं पायडल असतं ना, तसं दिसतं. आत झोपून ते पायाने दाबत राहायचं आणि मशीन पोटरीच्या आतलं बघत राहणार. बस, एवढंच.

पहिलं पायडल वाया गेलं. त्याला प्लायवूड लावलं होतं आणि प्लायवूडच्या आत कारखान्यातली एक पिन राहून गेली होती. तौसीफभाऊने नुसतं दारापर्यंत नेलं तर हातातलं पायडल वळायला लागलं. ते कसं वळलं ते त्याने मनगट फिरवून दाखवलं. म्हणाला, "माणूस आत असता तर?" त्यानंतर त्याने एकसंध सागवान घेतलं आणि प्रत्येक तुकडा चुंबक फिरवून बघतो.

मॅडम आणि तौसीफभाऊ दोघांनीही स्वतःचे पाय आत घालून बघितले. आणखी काही धडधाकट लोकांचे झाले. आता आजारी माणूस पाहिजे, म्हणजे मी. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यात हलका पट्टा लावीन. दुखलं की लगेच थांबवीन. पण रंजीता, पाय पुन्हा आवळणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. तू नाही म्हटलंस तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघू."

मला नाही म्हणायचं होतं. तुला खोटं काय सांगू? पाचोळ्यातला तो आवाज मला अजून भर दुपारी ऐकू येतो. आणि आता ते पाय आवळणं मला स्वतःहून बोलवायचं आहे.

आईने फोनवर सांगितलं, "करू नको बाई, मशीनीत काऊन जातं?" बाबा एवढंच म्हणाले, "मी येतो त्या दिवशी."

मी हो म्हटलं आहे. रिपोर्ट यायला पावसाळा संपेल. तोपर्यंत तू किती गाड्या उतरवशील, याचा विचार मी करते. माझा आजार कळला तर तुझा कळेल, आणि तुझ्यासाठी पावसाळा संपेपर्यंत थांबायची माझी हिंमत नाही. तू दुसऱ्या कोणत्या कामाला लागला असशील तर फक्त एक मिस कॉल दे.

रंजी


ऊर्जानगर
६ जुलै

दादा,

मिस कॉल आला नाही.

झालं एकदाचं. सगळं सांगते, मधलं काही गाळत नाही.

तौसीफभाऊने दाराशीच माझ्या केसातल्या पिना काढायला लावल्या, कानातलं, जोडवी नाहीतच, ताबीजसुद्धा. बाबांना चाव्या आणि आडकित्ता टोपलीत टाकायला लावलं. "काका, मशीन चूप दिसली तरी चुंबक चालूच राहते. लोखंड आत गेलं की गोळीसारखं उडते." बाबांनी मान हलवली आणि टोपलीत टाकलं. पण मला आत नेल्यावर त्यांनी आडकित्ता हळूच परत घेतला. सुपारीशिवाय त्यांना धीर धरवत नाही, तुला माहीत आहे. कोणाचं लक्ष गेलं नाही, मलाही हे नंतरच कळलं.

मला पाय पुढे करून आत सरकवलं. डोकं मशीनच्या तोंडाशीच राहिलं, तरी छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं वाटलं. उजवं पाऊल पायडलवर, त्यावर पट्टा आवळलेला. हातात रबराचा फुगा दिला, दुखलं तर दाबायला. मग सगळे बाहेर गेले, दार बंद झालं, आणि मशीन ठोकायला लागलं. आधी नुसतं पडून राहायचं होतं. मी छताकडे बघत राहिले. मग मॅडमचा आवाज आला, "आता दाब. सोड. दाब. सोड."

सुरुवातीला काहीच वाटलं नाही. लाकूड करकरत होतं, तो आवाज ओळखीचा वाटून बरं वाटलं. मग पोटरी तापली. मग तीच ती ओढ आली, आतून कोणी दोरी पिळावी तशी. मला वाटलं, अजून दोनदा दाबते, म्हणजे यांना बघायला मिळेल. तिथेच चुकले. पोटरी दगड झाली. पाऊल खाली गेलं ते वर येईना, आणि पट्ट्यात अडकलेलं, म्हणून काढताही येईना. फुगा हातातून सुटून खाली पडला. मग मी ओरडले, दादा. तुला हाक मारली की आईला ते आठवत नाही.

बाहेर बाबांनी स्पीकरवर ते ऐकलं आणि ते धावले. मॅडम उठायच्या आत त्यांनी दार उघडलं होतं. मी मान वळवली तर बाबा दारात, तोंड उघडं, आणि त्यांचं धोतर कमरेपाशी माझ्याकडे ताणलेलं. कोणी पदर धरून ओढावं तसं. त्यांनी खाली बघितलं. आडकित्ता कापडातून बाहेर यायला बघत होता, आणि त्याच्या वाटेत माझं डोकं होतं. तौसीफभाऊने मागून त्यांना कंबरेला मिठी मारली आणि दोघं मिळून बाहेर कोसळले. बाबा ओरडत होते, "सोड मले, माही पोट्टी आत हाय." तौसीफभाऊ म्हणत होता, "तुमच्यानंच मरन ते, काका. तुमच्यानंच मरन."

मॅडमनी आत येऊन पट्टा सोडला आणि मला बाहेर ओढलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

त्यानंतरचा दिवस कसा गेला ते विचारू नको. मी पाणी पीत होते आणि दर वेळी संडासात उभी राहून बघत होते. एकदा लालसर झाली. मॅडम तिथेच बसून राहिल्या, घरी गेल्या नाहीत. मग हळूहळू साधी झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला दोन रेघा दाखवल्या. एक तौसीफभाऊच्या पायाची, खाली उतरत गेलेली, आणि एक माझ्या पायाची, सरळ. "काम केलं की प्रत्येकाचा स्नायू आंबट होतो. म्हणून जळजळते. मशीनला ते कळतं. हा बघा तौसीफ, आंबट होत गेला. आणि ही रंजीता. एवढी दुखली, पण जरासुद्धा आंबट झाली नाही." मग म्हणाल्या की स्नायूत साखर साठवलेली असते, धावताना ती फोडून ताकद मिळते. माझ्या स्नायूत साखर भरपूर आहे, पण ती फोडणारी गोष्टच जन्मापासून नाही. गोळीने बरं होणारं दुखणं नाही. पण ओळखून वागलं तर माणूस म्हातारा होतो.

बाबांनी विचारलं, "डॉक्टरबाई, थोडं बसलं की बरं वाटते, मंग धडाधड काम होते. ते कसं?"

"ते याच आजाराचं लक्षण आहे, काका. थोड्या वेळाने शरीर दुसऱ्या वाटेने ताकद आणते. चरबीतून. मग दुखत नाही."

"म्हणजे ते ढोंग नसते?"

"नाही."

बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, नेहमीसारखे गेले. व्हरांड्यात ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, प्रियाताईने बघितलं. मग परत आले, बसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टरबाई, माहा एक पोरगा बी हाय. तिकडं पोते उचलते."

मॅडम हातातला रेघांचा कागद खाली ठेवून उभ्या राहिल्या.

रंजी


पिंपळबोडी
९ जुलै

दादा,

हे पत्र बाबांच्या आधी पोचणार नाही, तरी लिहिते. स्वस्थ बसवत नाही.

मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. जड उचलायचं नाही. दुखायला लागलं की तिथेच थांबायचं, रेटायचं नाही. चालायचं तर हळू सुरुवात करायची. लघवी काळी झाली तर झोपून राहायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. सख्ख्या भावंडांत हे असायची शक्यता चारात एक असते, पण तुझं पाय आवळणं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, मला शक्यता वगैरे बोलायचं नाही, त्याला घेऊन या.

हेमराज पुन्हा गावी आला आहे, त्याचा फोन तिकडच्या मुकादमाला लागला. मुकादम म्हणाला, आदेश दोन दिवस झाले कामावर नाही, शेडमध्ये पडून आहे, तोंड सुजलं आहे. काय झालं विचारलं तर म्हणाला, कावीळ असेल.

बाबा हेमराजला घेऊन बल्लारशाला गेले, तिथून गाडी. शेतात पाणी लागलं आहे, रोवण्याला माणसं ठरली होती, सगळं तसंच टाकून गेले. निघताना आईने विचारलं, "भाषा येते का तिकडली?" तर म्हणाले, "पोराचं नाव तर येते."

तोंड सुजणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, दादा. आईला मी सांगितलेलं नाही.

तू जिथे आहेस तिथे फक्त पडून राहा. उठून कोणाला काही करून दाखवू नको.

रंजी


चंद्रपूर, दवाखाना
२१ सप्टेंबर

दादा,

तू भिंतीच्या पलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. घरी आल्यापासून तू माझ्याशी भाताचं, मिठाचं बोलतोस, बाकी नाही. म्हणून लिहूनच ठेवते. घरी गेल्यावर उशाशी ठेवीन, वाटलं तर वाच.

माझी पत्रं तू सगळी वाचली होतीस, हे हेमराजने सांगितलं. दुसरं पत्र आल्यावर तू मुकादमाला पोत्यांची तोंडं शिवायचं काम मागितलंस. तो सगळ्यांसमोर हसला, म्हणाला हे बायांचं काम. तू परत पोतं पाठीवर घेतलंस. मग त्या दिवशी पाऊस आला म्हणून गाडी घाईघाईने उतरवायला लावली आणि तू मधे बसला नाहीस. लघवी काळी आली तेव्हा तुला काय झालं ते माहीत होतं. त्या शेडमधल्या एवढ्या लोकांत फक्त तुलाच माहीत होतं, आणि तू कोणाला सांगितलं नाहीस. हे आठवलं की मला तुझा इतका राग येतो की भीतीसुद्धा मागे पडते.

बाबांनी तुला बघितलं तेव्हा तू एवढंच म्हणालास म्हणे, "माह्यानं होत नाई बाबा काम." बाबा काय बोलले ते हेमराजला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, गाडी येईपर्यंत ते तुझ्या पायाशी बसून पोटऱ्या चोळत होते. तिथल्या दवाखान्यातही, इथे आणल्यावरही. नर्सने सांगितलं, काका पुरे. ते थांबले नाहीत.

माझ्या किडन्या परत आल्या तशा तुझ्या पूर्ण आल्या नाहीत. मॅडमनी मला वेगळं बोलावून सांगितलं, आणि तुला सांगितलं तेव्हाही मी होतेच. जेवढ्या उरल्या आहेत तेवढ्या जपायच्या. पुन्हा एकदा असं झालं तर, असं म्हणून त्या थांबल्या. आता मला रात्री झोपण्याआधी तुझ्या पावलांवर सूज आहे का ते बघायची सवय लागली आहे. तू झोपेचं सोंग घेतोस, ते मला कळतं.

माझा रक्ताचा रिपोर्ट आला, मशीनने सांगितलं तेच निघालं. तुझं रक्तही तपासायला गेलं आहे. तोपर्यंत मॅडमनी तुझा पाय बघायचं ठरवलं. तौसीफभाऊने पायडल बदललं आहे. पाऊल बांधायचा पट्टा काढून टाकला, आता पाऊल नुसतं खाचेत बसतं, आवळलं तर आपोआप बाहेर येतं. तुझ्यासाठी रबरही सर्वात पातळ. धानोऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईचं याच पायडलवर परवा झालं, तिला काही त्रास झाला नाही. तरी तुला आत नेताना मी दारापर्यंत मागे मागे आले. तू माझ्याकडे न बघता गेलास.

आता लिहिता लिहिताच समोर काय चाललं आहे ते सांगते, म्हणजे तुला बाहेरचंही कळेल. काचेच्या या बाजूला मॅडम आहेत, तौसीफभाऊ आहे, त्यांच्या मागे बाबा उभे आहेत. त्यांना इथे यायची परवानगी नाही, पण ते आले आणि कोणी त्यांना जा म्हणालं नाही. आज दोन्ही हात त्यांनी छातीशी धरले आहेत. मशीन ठोकतं आहे. मॅडम म्हणतात, दाब. सोड. पडद्यावर रेघ सरकते आहे. ती खाली जात नाही, दादा. सरळच आहे, माझ्यासारखी. तौसीफभाऊ मॅडमकडे बघतो आहे.

तू दाबतोस. अजून दाबतोस. तुझ्या पावलाचा वेग कमी झालेला दिसतो, तरी तू बोलत नाहीस. मॅडमनी विचारलं, "आदेश, दुखतं का?" तू म्हणालास, "नाई." पडद्यावर त्यांना वेगळं दिसत असावं, कारण त्या पुन्हा म्हणाल्या, "खरं सांग." तुझा पाय चालूच. मी उठून उभी राहिले.

तेवढ्यात बाबा पुढे झाले. मॅडमच्या समोरच्या माइकपाशी वाकले, फार जवळ गेले, इतके की पलीकडे आवाज फाटला असेल. म्हणाले, "बाबू, दुखून राह्यलं असन तर थांब."

तुझं पाऊल आणखी एकदा खाली गेलं.

मग तुझा आवाज आला. "दुखते, बाबा."

"मंग थांब न. कोणी काही म्हणत नाई."

पायडलवरचं तुझं पाऊल थांबलं.

रंजी